खांब आधी, दिवाणखाना नंतर

जुन्या बाजारपेठेतील व्यापारी घराची घडण बहुतेक गावांत सारखीच आढळते. रस्त्यालगत दुकान किंवा पेढी, तिच्यामागे मालाचे कोठार, बाजूने वर जाणारा अरुंद लाकडी जिना, वर माडी आणि तिच्यावर कौलारू छप्पर. दिवसभर खाली व्यवहार चाले आणि रात्री वर कुटुंब निजे. डहाणूसारख्या किनाऱ्यावरील गावात एके काळी गवत, लाकूड आणि धान्याचा व्यापार अशाच घरांच्या उंबऱ्यावर झाला. पुढच्या पिढ्या शिक्षणासाठी व धंद्यासाठी मुंबईला गेल्या, माडीला कुलूप लागले आणि खालचे दुकान तेवढे उघडे राहिले. आता त्यांतील काही कुटुंबांना पुन्हा त्या माडीवर राहायला यावेसे वाटते. कोणी निवृत्त झालेले असते, कोणाला मुलांना मोकळ्या हवेत वाढवायचे असते, तर कोणाला आईवडिलांना एकटे ठेवणे नकोसे वाटते.

घर पुन्हा राहते करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत तीन मागण्या पुढे येतात. सुनांना माडीवर स्वच्छतागृह आणि उजेडाचे स्वयंपाकघर हवे असते. धंदा सांभाळणाऱ्याला खालची मधली भिंत काढून दुकान प्रशस्त करायचे असते. वडीलधाऱ्यांची इच्छा एवढीच असते, की देवघराची जागा आणि ओटा हलू नये. तिन्ही मागण्या रास्त आहेत. परंतु डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या बैठकीत आणखी एका पक्षाचे म्हणणे ऐकावे लागते. तो पक्ष म्हणजे घराखालची जमीन.

नोव्हेंबर २०१८ पासून या पट्ट्यात भूकंपाचे लहान लहान धक्के जाणवू लागले. जमिनीखालून गडगडाट यावा, भांडी वाजावीत आणि काही क्षणांत सारे शांत व्हावे, असा अनुभव लोकांना वारंवार आला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी रिश्टर मापनात ४.१ इतका धक्का नोंदला गेला. त्या हिवाळ्यात धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर, तंबूंत रात्री काढल्या. पुढेही धक्के अधूनमधून येत राहिले. एक मोठा धक्का आणि त्यानंतर उतरत जाणारे लहान धक्के हा भूकंपाचा नेहमीचा क्रम येथे दिसला नाही. लहान धक्क्यांची दीर्घकाळ चालणारी अशी मालिका शास्त्रज्ञांच्या परिभाषेत भूकंपाचा थवा म्हणून ओळखली जाते.

चार रिश्टरचा धक्का आणि सहा रिश्टरचा धक्का यांतील ऊर्जेचे अंतर सुमारे हजारपट असते. त्यामुळे लहान धक्क्यांनी पक्की घरे कोसळत नाहीत. जुन्या घरावर मात्र त्यांचा परिणाम साचत जातो. विटांमधला चुना भुगा होतो, तुळईचे टोक भिंतीतील खोबणीतून सरकते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. रंगाचा हात दिला की ती चीर झाकली जाते, पण आत ती वाढतच राहते. म्हणून या तालुक्यांत जुन्या घराचे नूतनीकरण हाती घेताना रंग, फरशी आणि दिवे यांचा विचार शेवटी आणि सांगाड्याचा विचार आधी करणे हेच शहाणपणाचे होय.

याचा धडा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. डहाणूहून कैनाडसारख्या वारली वस्तीच्या गावांकडे निघाले, की परंपरेचे कुडाचे घर कसे असते ते अजूनही काही ठिकाणी पाहायला मिळते. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यांवर माती आणि शेणाचा लेप आणि वर उतरते हलके छप्पर. गेरूने सारवलेल्या याच भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर व कापडावर आणली आणि ती जगभर पोहोचली. चित्रे जगाने पाहिली, परंतु ज्या भिंतीवर ती काढली जात तिचा गुण थोड्यांच्याच ध्यानी आला. कारवीची भिंत वजनाने हलकी असते. जमीन हलली तर ती वाकते, डुलते, तिच्यावरची माती फार तर झडते. भूकंपात घरावर येणारे बळ त्या घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, हा अभियांत्रिकीचा मूलभूत नियम आहे. जड घर जमिनीच्या हालचालीला जड उत्तर देते आणि हलके, नीट बांधलेले घर त्या हालचालीबरोबर डुलून पुन्हा जागेवर येते.

बाजारपेठेतील जुन्या माडीच्या घरातही याच विचाराचा एक अंश असतो. तळखड्यावर उभे केलेले सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांत वर वासे, रिपा व कौले. हा लाकडी सांगाडा एकमेकांत खाचा व कुसू बसवून जुळवलेला असतो. हादरा बसला की सांधे किंचित सरकतात, कुरकुरतात आणि बराचसा जोर पचवतात. भीती असते ती सांगाड्याभोवतीच्या जाड भिंतींची. माती किंवा चुन्यात रचलेली वीट आणि दगड वरून येणारे ओझे उत्तम पेलतात, पण आडव्या हादऱ्याने त्यांचे कोपरे सुटतात आणि भिंत बाहेरच्या अंगाला झुकते.

महाराष्ट्राने या गोष्टीची फार मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता साधारण सहा रिश्टरच्या थोडी वर होती, तरीही हजारो माणसे झोपेतच दगावली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तेथील बहुतेक घरांची रचना होती. भिंतीचे आतले व बाहेरचे असे दोन थर आरपार दगडांनी एकमेकांस बांधलेले नव्हते, त्यामुळे ते उकलत गेले. अनेक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला, आणि माणसे सापडली ती ढासळलेल्या भिंतींखाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात नवी गावे वसवली गेली आणि त्याबरोबरच हजारो जुनी घरे मजबूत करण्याचाही कार्यक्रम झाला. जुने घर न पाडता सुरक्षित करता येते, हे त्या कामाने महाराष्ट्रात सिद्ध केले.

दुसरा धडा अहमदाबादचा आहे आणि तो व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत काही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळ इमारती जुनाट नव्हत्या. त्या काँक्रीटच्या, अलीकडच्या काळात बांधलेल्या होत्या. वाहने उभी करण्यासाठी त्यांचा तळमजला भिंतींविना, केवळ खांबांवर मोकळा ठेवलेला होता. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा मजला पोकळ, अशी रचना हलली की सारा जोर त्या पोकळ मजल्याच्या खांबांवर एकवटतो.

जुन्या घराचे दुकान प्रशस्त करण्यासाठी तळमजल्याची मधली भिंत काढणे म्हणजे नेमकी हीच रचना आपल्या हाताने तयार करणे होय. समोर काचेची मोठी दर्शनी बाजू हवी, आत सलग जागा हवी, म्हणून एक भिंत जाते, मग दुसरी जाते. त्यांच्या जागी लोखंडी तुळई टाकली जाते आणि गवंडी सांगतो की वरचे ओझे पेलले गेले. उभे ओझे खरोखरच पेलले जाते. पण त्या भिंती आडवा हादराही पेलत होत्या, याची आठवण त्या वेळी कोणाला राहत नाही. दुकानाच्या गल्ल्यासाठी काढलेली भिंत रात्री माडीवर निजणाऱ्या नातवंडांच्या आधाराची असते. जागा वाढवणे अपरिहार्य असेल, तर काढलेल्या भिंतीच्या बदल्यात पोलादी किंवा काँक्रीटची चौकट अभियंत्याकडून आखून घ्यावी. तेवढा खर्च झेपत नसेल, तर दुकान आहे तेवढेच ठेवावे आणि मालासाठी कोठार अन्यत्र पाहावे. या एका निर्णयात सबंध नूतनीकरणाची परीक्षा आहे.

कामाची सुरुवात तपासणीने व्हावी. इमारतीच्या मजबुतीचे काम जाणणारा अभियंता आणि जुन्या लाकडाचा अनुभव असलेला सुतार, दोघांनी मिळून घर पाहावे. अभियंता भिंतीच्या चिरा, फुगवटा आणि कोपरे तपासील, तर सुतार खांबाचा तळ आणि तुळईची टोके टोचून पाहील, कारण लाकूड कुजते ते बहुधा भिंतीत दडलेल्या टोकाशी. संशयित चिरेवर काचेची पातळ पट्टी चुन्यात आडवी बसवून तिच्यावर तारीख लिहावी. काही महिन्यांत पट्टी तडकली तर चीर जिवंत आहे असे समजावे. भारतीय मानक संस्थेची आय. एस. १३९३५ ही संहिता जुन्या बांधकामाची भूकंपाच्या दृष्टीने दुरुस्ती व मजबुती कशी करावी हेच सांगते. आपल्या अभियंत्याने ती वापरावी असा आग्रह घरमालकाने धरण्यात काहीच गैर नाही.

मजबुतीचे सूत्र एकाच शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे बांधणी. घराचे सुटे अवयव एकत्र बांधले गेले की ते एका पेटीसारखे हलते. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी चारही भिंतींना वेढणारा पट्टा, भिंतीच्या दोन्ही अंगांना पोलादी जाळी बसवून आणि ती आरपार सळ्यांनी जोडून करता येतो. तसाच पट्टा छपराखालीही असावा. तुळयांची टोके भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडावीत. कडीपाटावर तिरक्या फळ्या ठोकल्या की माडीची जमीन एकसंध होते. छपराच्या दोन टोकांना त्रिकोणी भिंती असतात त्या सर्वांत दुबळ्या. त्यांना छपराच्या लाकडांशी बांधावे, किंवा वरचा त्रिकोण उतरवून तेथे फळ्या बसवाव्यात. कौले रिपांना तारेने बांधली तर हादऱ्यात ती रस्त्यावर घरंगळत नाहीत.

बांधणीइतकेच महत्त्व वजनाला आहे. हजार लिटर पाण्याची टाकी म्हणजे पाण्याचेच एक टन वजन. ती माडीच्या छपराशी ठेवणे टाळून जमिनीवर स्वतंत्र चौथऱ्यावर ठेवावी आणि वर लहान टाकी पुरवावी. कौले काढून काँक्रीटची गच्ची ओतण्याचा मोह अनेकांना होतो. चुन्यात रचलेल्या जुन्या भिंतींवर ते ओझे घालू नये. माडीवर जाड संगमरवरी फरशीऐवजी जुन्या फळ्या घासून वापराव्यात. स्वच्छतागृह माडीवर हवेच असेल तर ते घराच्या मागच्या अंगाला स्वतंत्र खांबांवर उभारावे. त्याची गळती मग मुख्य लाकडांपर्यंत पोहोचत नाही.

भिंतींच्या गिलाव्याविषयी एक सार्वत्रिक चूक होते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ती वरवर टणक दिसते. परंतु किनाऱ्याच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडायला वाट उरत नाही. तो आत साचतो, चुना सैल करतो आणि तुळयांची टोके कुजवतो. जेथे जाळीचे पट्टे नाहीत तेथे चुन्याचाच गिलावा ठेवावा. चुना सावकाश घट्ट होतो आणि कारागिराकडून धीर मागतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो.

वाळवीचा प्रश्न जैन कुटुंबात केवळ लाकडाचा राहत नाही. विष फवारून जीवांचा संहार करायचा की लाकूड गमवायचे, असा पेच पुढे येतो. जयणेचा मार्ग असा, की वाळवी येण्याची कारणेच दूर करावीत. लाकूड जमिनीला टेकू न देता दगडी तळखड्यावर ठेवावे, भिंतीलगत पाणी साचू देऊ नये, नळाची गळती लगेच थांबवावी, अडगळीत जुने कागद व खोकी रचू नयेत. कुजलेला भाग कापून तेथे जुने सागवान सांधायचे असेल, तर त्या लाकडाला टाकणखाराचे द्रावण घरात बसवण्याआधीच, ते कोरडे व निर्जीव असताना पाजावे. कौलांखालच्या फटी वेळीच बुजवल्या तर पारवेही घरटी करीत नाहीत आणि पुढे ती मोडण्याचे पाप पदरी येत नाही. मात्र घरटे आधीच असेल, तर पिले उडून जाईपर्यंत तेवढा कोपरा थांबवावा.

कामाचे वेळापत्रकही परंपरेनेच आखून दिले आहे. आषाढापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या चातुर्मासात खणणे व तोडफोड टाळण्याचा रिवाज आहे, आणि कोकण किनाऱ्यावर छप्पर उघडे टाकण्यास तोच काळ सर्वांत वाईट. म्हणून चातुर्मासात मोजमाप, नकाशे, परवानगी आणि अंदाजपत्रक पूर्ण करावे. कार्तिक पौर्णिमेनंतर खोदकाम आणि सांगाड्याची कामे सुरू करावीत, माघ-फाल्गुनात गिलावा आटोपावा आणि मृग नक्षत्रापूर्वी शेवटचे कौल जागेवर बसलेले असावे. घाईने एकाच मोसमात सारे उरकण्यापेक्षा पहिल्या वर्षी सांगाडा व छप्पर आणि दुसऱ्या वर्षी आतील सोयी अशी विभागणी पुष्कळ कुटुंबांना मानवेल.

परवानगीचे महत्त्व या तालुक्यात थोडे अधिक आहे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला आणि जमिनीच्या वापरावर मर्यादा आल्या. गावठाणातील जुने घर सांभाळून वापरणे हे अशा ठिकाणी कायद्याच्या आणि निसर्गाच्या दोन्ही दृष्टींनी सरळ जाते. त्याच वेळी मालमत्ता पत्रकावर कोणाकोणाची नावे आहेत तेही पाहावे. मुंबईतील काका, सुरतेतील आत्या यांचे हिस्से कागदावर अविभक्त असतात आणि खर्च मात्र राहणाराच करतो. काम सुरू होण्याआधी सर्वांची लेखी संमती आणि खर्चाची वाटणी ठरली, तर पुढे भिंतींबरोबर नात्यांनाही चिरा पडत नाहीत.

सांगाडा सुरक्षित झाला की मग घर कुटुंबाच्या जगण्याला साजेसे करावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात स्वयंपाकघराला पश्चिमेचा उजेड मिळाला तर दिवा न लावता संध्याकाळचे जेवण उरकते. छपरात दोन-चार काचेची कौले बसवली की माडीचा अंधार सहज जातो. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत चौकाखाली टाके असे. पावसाचे पाणी त्यात साठवून ते गाळून वर्षभर पिण्यासाठी वापरत. तशी सोय करायची झाल्यास टाके पायापासून दूर, अंगणात असावे. वयस्कर मंडळींची निजण्याची खोली तळमजल्यावर, दाराजवळ ठेवावी. कपाटे, तिजोरी आणि वह्यांची मांडणी भिंतीला पक्की जखडावी, आणि कोणाच्याही पलंगाच्या उशाशी जड वस्तू टांगू नये. रात्री हादरा जाणवला तर कोणी कोणाला उठवायचे आणि कोठे जमायचे, हे मुलांनाही ठाऊक असावे.

खर्चाच्या बाबतीत एक संयम आवश्यक आहे. हाती असलेल्या रकमेचा पहिला वाटा सांगाडा, पट्टे आणि छप्पर यांना द्यावा. दुसरा पाणी, मलनिस्सारण आणि विजेच्या नव्या तारांना. उरेल तो दिवाणखान्याला. पाहुण्यांना पहिल्या दोन वाट्यांतले काहीच दिसणार नाही आणि कोणी त्याची वाखाणणीही करणार नाही. परिग्रहाची मर्यादा मानणाऱ्या घराला हे जड वाटू नये. वस्तू कमी आणि आधार पक्का, हाच त्या मर्यादेचा घरबांधणीतला अर्थ आहे.

काम संपल्यावरही एक गोष्ट उरते. व्यापारी घरात दरवर्षी दिवाळीला नवी वही उघडली जाते. तिच्यासोबत घराचीही एक वही ठेवावी. कोणत्या भिंतीत जाळी कोठून कोठवर गेली, कोणती तुळई कोणत्या वर्षी सांधली, काचेच्या कोणत्या पट्टीवर कोणती तारीख आहे, कोणत्या धक्क्यानंतर काय पाहिले, हे सारे तिच्यात लिहावे. वहीपूजनाच्या दिवशी घरातील एका मोठ्याने आणि एका लहानाने मिळून ती वही हातात घ्यावी आणि जिन्यापासून छपरापर्यंत एकदा फिरून यावे. जमा-खर्चाचा मेळ घालण्याची सवय असलेल्या कुटुंबाला घराचा मेळ घालणे अवघड नाही. तीस वर्षांनी ती वही ज्याच्या हाती येईल, त्याला भिंतीत काय दडले आहे हे शोधण्यासाठी ती फोडावी लागणार नाही.